मे महिन्यातला अ‍ॅम्प्लिफायर

अ‍ॅम्प्लिफायरच्या रचनेने घरातल्या गाण्याचा आवाज किती बदलतो, यावर दोन ठाम मते आहेत. एक मत म्हणते, आजचा कोणताही नीट बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यासारखाच वाजतो, तेव्हा पैसे बॉक्सवर, म्हणजे स्पीकरवर खर्च करा. दुसरे म्हणते, व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, क्लास ए, क्लास डी या प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो आणि कान तयार असेल तर तो ओळखू येतो. दोन्ही मतांमागे अभ्यास आहे आणि प्रामाणिक माणसे आहेत. पण वर्धा जिल्ह्यात राहून गाणे ऐकणाऱ्याला या वादाचा निकाल वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो. दोन्ही बाजूंचे प्रयोग ज्या खोल्यांत झाले तिथे व्होल्टेज पूर्ण होते, हवा सौम्य होती आणि खिडकीत कूलर नव्हता.

पहिल्या मताची बाजू आधी घेऊ. १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेतला तरुण अभियंता हॅरोल्ड ब्लॅक फेरीबोटीने हडसन नदी ओलांडत होता, तेव्हा त्याला निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत द्यायचा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आपली चूक आपणच कमी करतो. या तत्त्वावर १९४५ मध्ये इंग्लंडच्या लीक कंपनीने ‘पॉइंट वन’ काढला. त्याची विकृती ०.१ टक्का होती आणि नावातच ती सांगितली होती. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी आपला आराखडा छापला आणि देशोदेशींच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. म्हणजे व्हॉल्व्हच्या काळातच अ‍ॅम्प्लिफायर इतका स्वच्छ झाला होता, की साखळीतला कच्चा दुवा बॉक्स आणि खोली हाच उरला. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर यांनी ‘स्टीरिओफाइल’ मासिकाच्या समीक्षकांना आव्हान दिले. आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये फेरफार करून त्यांनी तो समीक्षकांनी निवडलेल्या महागड्या अ‍ॅम्प्लिफायरसारखा करून दाखवला आणि समीक्षकांना दोघांतला फरक सांगता आला नाही.

या प्रयोगाचा अर्थ लोक सहसा अर्धाच घेतात. फरक नव्हता, असे त्यातून सिद्ध झाले नाही. फरक होता, तो मोजता येत होता, आणि मोजता आला म्हणूनच बुजवता आला. ही बारीक गोष्ट मला दुसऱ्या मताकडे नेते.

दुसऱ्या मताचे सर्वांत भक्कम उदाहरण म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट अवरोध. बॉक्सवर ८ ओहम लिहिलेले असते, पण तो आकडा नावापुरता. एखाद्या स्वरावर तोच बॉक्स ४ ओहम दाखवतो, तर दुसऱ्या स्वरावर २०. कमी फीडबॅकच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट अवरोध २ ओहम असेल, तर या दोन टोकांमध्ये साधारण २.७ डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे काही स्वर उगाच पुढे येतात, काही मागे सरतात. चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा अवरोध ०.०५ ओहम धरला, तर हाच फरक डेसिबलच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास राहतो. पहिला फरक कोणालाही ऐकू येईल, दुसरा कोणालाही येणार नाही. व्हॉल्व्हच्या आवाजाला जो ऊबदारपणा म्हणतात, त्याचा बराचसा भाग या साध्या भागाकारात आहे.

दुसरे उदाहरण आपल्या संगीताला अधिक जवळचे. क्लास एबी रचनेत लहरीचा वरचा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो आणि खालचा दुसरा. दोघांच्या हातबदलाच्या क्षणी दोघेही थोडे जागे राहावेत म्हणून सतत थोडा करंट वाहता ठेवतात. त्याला बायस म्हणतात. बायस कमी पडला, की त्या सांध्यावर लहर मोडते. मोठ्या आवाजात ही मोड झाकली जाते, पण आवाज लहान असताना सिग्नल त्या सांध्याभोवतीच फिरत असतो, त्यामुळे तिथे ती उघडी पडते. रात्री घर निजल्यावर हळू आवाजात अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला आणि तंबोऱ्याच्या जवारीत वाळू कचकचल्यासारखे वाटले, तर रेकॉर्डिंगला दोष देण्यापूर्वी बायस तपासावा. तंबोरा हे मूळचेच स्वरांशांनी गच्च भरलेले वाद्य. त्याच्या तारा एकत्र वाजत असताना अ‍ॅम्प्लिफायरने स्वतःची भर घातली, की स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे, बेसूर ध्वनी जन्मतात. गिटार आणि ड्रमच्या गाण्यात जी विकृती खपून जाते, ती षड्ज-पंचमाच्या शांत पार्श्वभूमीवर खपत नाही. म्हणून आपल्या ऐकणाऱ्यांनी विकृतीच्या आकड्याकडे पाश्चात्त्य ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाहावे, असे मला वाटते. पूर्ण वॅटवरची विकृती तर कंपनी छापतेच, आपण अर्ध्या वॅटवरची विचारली पाहिजे.

१९७० च्या दशकात फिनलंडच्या मत्ती ओताला यांनी, फीडबॅकवर फार विसंबलेला पण चालीला मंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर झटक्याच्या आवाजात चुकतो, असा मुद्दा मांडला होता. तो खरा होता. अभियंत्यांनी त्यावर उपायही केले आणि आजच्या बऱ्या रचनेत तो उरलेला नाही. तो अजून उगाळला जातो, एवढेच.

आता वर्ध्याकडे येऊ.

साधा हॉल घ्या. ऐकणारा बॉक्सपासून दहा फुटांवर बसला आहे. बॉक्स एका वॅटला, एका मीटरवर ८६ डेसिबल देणारा आहे. निवांत ऐकायला कानाशी सरासरी ७५ डेसिबल पुरे होतात आणि खोलीतले अंतर धरूनही त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरला सरासरी पाऊण-एक वॅटसुद्धा लागत नाही, ०.३ वॅटच्या आसपास भागते. पण तबल्याची थाप किंवा खंजिरीचा फटका सरासरीच्या वीस डेसिबल वर उसळू शकतो. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. तेव्हा त्या क्षणापुरते ३० वॅट हवेत. इथपर्यंत हिशेब जगात कुठेही सारखा.

एप्रिल उजाडला, की खिडकीत कूलर लागतो. पंखा आणि पाण्याचा पंप मिळून साठ डेसिबलच्या घरातला एकसुरी आवाज खोलीत भरतो, तो रात्रीही थांबत नाही. गाण्याचे शब्द त्यावरून वर यावेत म्हणून माणूस व्हॉल्यूम वाढवतो. सहाच डेसिबल वाढवला असे धरा. सहा डेसिबल म्हणजे चौपट शक्ती, म्हणजे ३० वॅटचे काम १२० वॅटवर गेले. आणि नेमक्या याच संध्याकाळी साऱ्या गावाचे कूलर चालू असतात. पुरवठ्याचे व्होल्टेज २३० असावे, नियमाने त्यात ६ टक्के इकडे-तिकडे चालते. पण लांब लाइनच्या शेवटच्या घरात ते १९० वर उतरले, तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्प्लिफायरला आतून मिळणारे व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरते आणि शक्ती त्याच्या वर्गाने घटते. ५० वॅटचा सेट ३४ वॅटचा होतो. गरज चौपट वाढते तेव्हाच पुरवठा एक-तृतीयांशाने कमी होतो. मग खंजिरीचा फटका सपाट कापला जातो. आवाज फाटला, असे आपण म्हणतो. तो फाटल्यावर व्हॉल्व्ह, क्लास ए, ऑक्सिजनविरहित तांब्याची तार ही सगळी चर्चा फोल ठरते.

लाइट गेली आणि घर इन्व्हर्टरवर आले, तर प्रकार आणखी अवघड. शुद्ध साइन वेव्हमध्ये २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्टला पोहोचते आणि अ‍ॅम्प्लिफायरचे कपॅसिटर शिखरापर्यंत भरतात. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचे शिखर २३० वरच थांबते. त्यामुळे आतले व्होल्टेज तीस टक्के पडते आणि शक्ती निम्मी उरते. वर ट्रान्सफॉर्मर घुरघुरतो आणि ती घुरघुर बॉक्समध्ये उतरते, ते वेगळेच.

म्हणून माझे मत असे, की वर्ध्याच्या घरात आवाजावर सर्वांत मोठा परिणाम करणारा रचनेचा निर्णय पॉवर सप्लायचा आहे. क्लासचे नाव त्यानंतर येते. ट्रान्सफॉर्मर किती मोठा, वाइंडिंग तांब्याचे की अ‍ॅल्युमिनियमचे, कपॅसिटर किती, की आत ९० ते २६५ व्होल्ट झेलणारा स्विचिंग सप्लाय आहे, हे प्रश्न आधी विचारावेत. या निकषावर क्लास डीची बाजू भक्कम होते, हे जुन्या सेटवर प्रेम करणाऱ्यांनीही मोकळेपणाने मान्य करायला हवे. त्यात बहुधा स्विचिंग सप्लाय असतो आणि त्याला १९० व्होल्ट आणि २३० व्होल्ट सारखेच. अ‍ॅम्प्लिफायर ९० टक्क्यांच्या आसपास वीज बॉक्सपर्यंत पोहोचवतो, उष्णता फारशी करत नाही, आणि छोटे बोर्ड थेट बॅटरीवरही चालतात. फिलिप्समध्ये असताना ब्रूनो पुत्झीस यांनी आउटपुट फिल्टरच्या पुढून फीडबॅक घेणारी यूसीडी रचना केली. तेव्हापासून या वर्गाचा आवाज खडबडीत असतो हा आक्षेप चांगल्या रचनांपुरता तरी मागे पडला.

पण बाजारातला प्रत्येक क्लास डी तसा नसतो. स्वस्त बोर्डांत फीडबॅक फिल्टरच्या अलीकडून घेतलेला असतो. तिथे वरच्या पट्टीतला आवाज समोर कोणता बॉक्स लावला आहे त्यावर उठतो किंवा दबतो. कवच आणि फिल्टर कच्चे असतील, तर बोर्डाच्या स्विचिंगची किरकिर शेजारच्या रेडिओत शिरते आणि ५८५ किलोहर्ट्झवरचे आकाशवाणी नागपूर ऐकणे कठीण होते. आणि आकड्यांची फसवणूक इथे सर्वांत जास्त आहे. डबीवर ‘१०० + १०० वॅट’ छापलेले असते आणि सोबतचा अ‍ॅडॅप्टर २४ व्होल्ट, ३ अँपिअरचा. गुणाकार केला तर ७२ वॅट होतात. आत ७२ घेऊन बाहेर सतत २०० देणारे यंत्र कोणी बनवू शकत नाही. शिवाय २४ व्होल्टवर ८ ओहमच्या बॉक्सला सिद्धांतानेही ३६ वॅटपेक्षा जास्त स्वच्छ शक्ती देता येत नाही. नव्वदच्या दशकात पीएमपीओ या फुगवलेल्या मापाचे हजारी आकडे पाहून लोकांनी सेट घेतले होते. ती रीत आता नव्या कपड्यात आली आहे. सेट घेताना मागच्या पट्टीवर विजेचा खप किती लिहिला आहे ते वाचावे. पुढच्या पट्टीपेक्षा मागची पट्टी विश्वासार्ह असते.

आता उष्णता. वर्ध्यात पारा ४५ च्या पुढे जातो, स्लॅबखालची खोली रात्रीही तापलेली असते आणि सेट बहुधा टीव्हीच्या बंद कप्प्यात असतो. क्लास ए रचनेत सांध्याचा प्रश्नच नाही, कारण दोन्ही ट्रान्झिस्टर कायम जागे असतात. तिचा हळू आवाज खरोखर सुंदर असतो आणि तंबोऱ्याला ती न्याय देते. पण गाणे चालू असो वा नसो, ती पूर्ण वीज जाळत राहते. दोनशे वॅट खाणारा क्लास ए सेट रोज चार तास लावला, तर महिन्याला २४ युनिट होतात आणि ती सगळी उष्णता त्याच खोलीत सोडली जाते जी थंड करायला कूलर धडपडतो आहे. व्हॉल्व्हचेही तसेच. चार ईएल-३४ व्हॉल्व्हच्या नुसत्या हीटरलाच ३८ वॅट लागतात. मात्र व्हॉल्व्हचा एक गुण इथे नोंदवायला हवा. शक्ती संपत आली, की ट्रान्झिस्टर एकदम कापतो, तर कमी फीडबॅकचा व्हॉल्व्ह सेट हळूहळू नमतो आणि फाटलेला आवाज कानाला कमी टोचतो. व्होल्टेज पडणाऱ्या गावात हा गुण थोडाथोडका नाही. ज्याच्याकडे वडिलांच्या काळचा व्हॉल्व्ह सेट चालू स्थितीत आहे, त्याने तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी जरूर लावावा. नव्याने घेणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. आत तीन-चारशे व्होल्ट खेळत असतात आणि घरात लेकरे असतात, हेही एक कारण.

क्लास एबीला उष्णतेचा त्रास वेगळ्या वाटेने होतो. ट्रान्झिस्टर तापला की त्यातला करंट वाढतो, करंट वाढला की तो आणखी तापतो. हे थांबवण्यासाठी बायस सांभाळणारा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकलाच चिकटवलेला हवा. जागेवर जोडलेल्या कित्येक सेटमध्ये तो बोर्डवर मोकळा असतो. मग उन्हाळ्यात सेट जळू नये म्हणून बांधणारा बायसच उतरवून ठेवतो. सेट थंड राहतो, पण सांध्यावरची मोड वाढते. म्हणजे रात्रीच्या मारव्यात जी वाळू कचकचते, तिचे मूळ कधीकधी दुपारच्या उन्हात असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचेही आयुष्य दर दहा अंशांना निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. चाळीसऐवजी साठ अंशांत ठेवलेला कपॅसिटर एक-चतुर्थांश काळच जगेल. ८५ अंशांच्या ऐवजी १०५ अंशांचा कपॅसिटर घालायला फार खर्च येत नाही. तरी तो घातला जात नाही, कारण गिऱ्हाईक विचारत नाही.

यावर कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे रास्त आहे, की अ‍ॅम्प्लिफायरवर एवढा विचार करण्याऐवजी खोली सुधारा. बारा बाय पंधरा फुटांचा, दहा फूट उंचीचा, टाइल्स आणि प्लास्टरचा रिकामा हॉल घेतला, तर सॅबाइनच्या सूत्राने त्यात आवाज तीन सेकंदांहून जास्त घुमतो. गादी, पडदे, सतरंजी, कपड्यांचे उघडे कपाट एवढ्याने तो पाऊण सेकंदाच्या आत येतो. मातीच्या भिंती आणि कवेलूंच्या जुन्या घरात हे आपोआप साधत असे. तीन सेकंद घुमणाऱ्या हॉलमध्ये व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टरमधला फरक शोधणे व्यर्थ आहे, हे मला पूर्ण मान्य. पण पडद्याने बायस दुरुस्त होत नाही आणि १९० व्होल्टचे २३० होत नाहीत. दोन्ही दोष एकमेकांना झाकतात, म्हणून एकाची सबब दुसऱ्यासाठी चालत नाही.

दुरुस्तीचा मुद्दा निवाड्यात तितक्याच वजनाने यायला हवा. वर्ध्याच्या मगनवाडीत बसून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योग संघाचे काम उभे केले आणि पुढे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ लिहिले. टिकाऊपणाला अर्थशास्त्राचा पाया मानणारा हा विचार वर्ध्याच्या मातीतला आहे. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचे काम शिकलेला हिंगणघाटचा किंवा आर्वीचा मेकॅनिक क्लास एबीचा सेट उघडून जळलेली जोडी काढतो, नवी बसवतो आणि सेट आणखी वर्षानुवर्षे चालतो. अट एवढीच, की २एससी५२०० आणि २एसए१९४३ हे ट्रान्झिस्टर अस्सल मिळाले पाहिजेत. बाजारात त्यांच्या नकला भरपूर आहेत आणि नकलेतली सिलिकॉनची चकती लहान असल्याने उन्हाळ्यात ती आधी जाते. क्लास डीचा बारीक बोर्ड गेला, तर बहुतेक वेळा फेकावाच लागतो. आवाजाच्या हिशेबात क्लास डीला मिळालेली आघाडी इथे बरीचशी कमी होते. माझ्या मते पूर्णपणे पुसली जात नाही, पण ज्या गावापासून दुकान दूर आणि मेकॅनिक जवळ आहे, तिथल्या माणसाने एबी घेतला तर तो चुकला असे मी म्हणणार नाही. त्याने सेटसोबत स्टॅबिलायझर घ्यावा आणि तो सेटच्या खपापेक्षा सढळ असावा.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये वॅटच्या जाहिरातींना लगाम घातला. सेट एक-तृतीयांश शक्तीवर तासभर तापवा, किमान २५ अंश हवेत ठेवा, पूर्ण व्होल्टेज द्या आणि मग मोजा, असा तो नियम होता. आपल्याकडे २०१२ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशात २००० वॅट आणि त्याहून जास्त वीज घेणारे अ‍ॅम्प्लिफायर आले, पण तो आदेश सुरक्षिततेपुरता होता. घरातल्या छोट्या सेटवरचा वॅटचा आकडा खरा की खोटा, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. भारतीय मानक ब्युरोने यावर वेगळे मानक करावे, आणि ते अमेरिकेची नक्कल नसावे. २५ अंशांत आणि पूर्ण व्होल्टेजवर मोजलेला आकडा विदर्भात निम्म्या वर्षापुरताही खरा नसतो. ४५ अंश, २०० व्होल्ट, दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू आणि विकृती एका टक्क्याच्या आत, असा एक आकडा डब्यावर सक्तीने छापला, तर दहा टक्के विकृतीवर फुगवलेले वॅट आपोआप गळून पडतील. तोपर्यंत सेट जोडणाऱ्या स्थानिक कारागिरांनी हे स्वतःहून करायला काहीच हरकत नाही. जो पहिला करील त्याला गिऱ्हाईक मिळेल, असा माझा विश्वास आहे.

ज्यांच्या घरी आधीच एक सेट आहे, त्यांनी लगेच नवा घेऊ नये. आधी तो बंद कप्प्यातून काढून वर-खाली हवा खेळेल असा ठेवावा, कूलरच्या दमट झोतापासून दूर. कूलर आणि सेट एकाच बोर्डवर नसावेत. अर्थिंग तपासून घ्यावे, कारण काळी माती उन्हाळ्यात वाळून आकसते, तिच्यातली पट्टी सुटी पडते आणि मग बॉक्समध्ये घुंई येते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे. दहा-पंधरा वर्षे झाली असतील तर कपॅसिटर बदलून घ्यावेत. आणि मेकॅनिककडून बायस लावून घ्यायचा असेल, तर थंडीत न लावता मेच्या दुपारी लावून घ्यावा, सेट तासभर वाजून तापल्यावर.